कलमकाकांची सरावाची चिठ्ठी

पन्नाशी उलटलेल्या माणसाने काय करावं, याबद्दल सल्ल्यांचा कधीच तोटा नसतो. सकाळी फिरायला जावं, मीठ कमी खावं, तरुणांच्या बोलण्यात तोंड घालू नये, वगैरे वगैरे. कायद्याच्या परीक्षेला बसावं, असं मात्र आजवर कुणी कुणाला सांगितलेलं नाही. कलमकाका आपणहून बसले आणि एकाच पेपरात दोनदा आपटले.

काकांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क. वरच्या गॅलरीतून कुंडी पडली, खालच्या नळाने पाणी जास्त ओढलं, जिन्यात कुणी सायकल आडवी लावली, की काका चष्मा पुसत विचारायचे, "याला कलम कोणतं लागतं?" अख्ख्या इमारतीने त्यांचं बारसं करून टाकलं. काकांना ते नाव मनातून आवडायचं. त्यांचा सगळा विश्वास लिहिलेल्या गोष्टीवर. तोंडी बोललेलं त्यांना बोलल्यासारखंच वाटत नसे. काकूंनी 'येताना ब्रेड आणा' म्हटलं तर ते कागद पुढे करीत.

संध्याकाळच्या कॉलेजातले बाकी सगळे विषय त्यांनी पार केले. खून, दरोडे, घटस्फोट, कशालाही ते डगमगले नाहीत. अडले ते चेक, हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या पेपरात. त्या पेपरात सरळ प्रश्न नसतातच, असतात त्या भानगडी. 'अ'ने 'ब'ला वचनचिठ्ठी लिहून दिली, 'ब'ने मागे सही करून ती 'क'च्या नावे केली, 'क'च्या खिशातून ती 'ड'ने पळवली आणि 'ई'ला विकली, तर पैसे कुणाला मिळतील, सकारण सांगा. 'क'पर्यंत काका व्यवस्थित चालत. 'ड'पाशी त्यांना पहिल्यापासून वाचावं लागे. ई येईपर्यंत अ कोण होता हेच ते विसरलेले असत. मागच्या खेपेला त्यांनी कायदा अगदी अचूक लिहिला होता, पण क आणि ड यांची अदलाबदल झाली आणि चोराला व्याजासकट पैसे मिळाले. सरांनी समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'चोराचे वकील म्हणून उत्तम.' हे सर वयाने काकांच्या निम्मे. गुण द्यायचे ते पदरमोड केल्यासारखे, अर्धा अर्धा करून.

तिसरी खेप शेवटची होती. तीत नापास झाले तर सगळी परीक्षा पहिल्या पेपरापासून पुन्हा द्यायची, असा नियम. खून आणि दरोडे पुन्हा करायचं त्राण काकांच्यात नव्हतं.

पेपर आठवड्यावर आला तेव्हा काकू फ्रिजपाशी उभ्या होत्या. त्यांचा फ्रिज जुना. दार सुतळीने बांधावं लागे, आणि मधेच तो थरथरून गप्प झाला की डाव्या कुशीत एक लाथ घालावी लागे. ती लाथ कुठे आणि किती जोरात, हे फक्त काकूंना ठाऊक होतं. नव्या फ्रिजसाठी त्यांनी मोठ्या चिकाटीने पैसे बाजूला टाकले होते, आणि पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी दुकानात जायचं ठरलं होतं. लाथ घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची ती अ, ब, क माणसं असती तर तुमच्या लक्षात राहिली असती. ऑफिसातल्या शिपायांच्या व्याह्यांची नावंसुद्धा तुम्हाला पाठ आहेत."

काकू सहज बोलून गेल्या आणि भाजी चिरायला बसल्या. काका मात्र जागच्या जागी उभे राहिले. खरोखरची चिठ्ठी खरोखरच्या माणसांच्या हातून फिरवायची, आणि कोण कुणाचं किती देणं लागतं ते डोळ्यांनी बघायचं! असा अभ्यास आजवर कुठल्या विद्यार्थ्याने केला असेल, असं त्यांना वाटेना. त्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला नाही.

त्यांनी चांगला जाड कागद घेतला. 'मागणी करताच मी समोरच्या मामींना किंवा त्या सांगतील त्या व्यक्तीला पुढील रक्कम देण्याचे बिनशर्त वचन देतो,' असं वळणदार अक्षरात लिहिलं. मामींचं कागदोपत्री नावही घातलं. रक्कम टाकली एका महिन्याच्या पगाराएवढी, कारण तेवढी एकच रक्कम त्यांना अक्षरी बिनचूक लिहिता यायची; वर्षानुवर्षं हात बसला होता. तारीख घातली, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला, त्याच्यावरून लफ्फेदार सही केली. मग कागद लांब धरून पाहिला. त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

काकूंनी भाजीचा हात पदराला पुसून चिठ्ठी वाचली. म्हणाल्या, "वर मोठ्या अक्षरात 'सराव' लिहा."

काका हसले. अज्ञानी माणसाकडे बघून शहाणा माणूस हसतो तसं. वचनचिठ्ठी बिनशर्त असावी लागते, वर सराव म्हणून लिहिलं तर ती वचनचिठ्ठीच राहत नाही, आणि जी वचनचिठ्ठीच नाही तिच्यावर सराव कसला करणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि हा फ्रिजचा आकडा आहे, एवढंच म्हणाल्या. आकडा निव्वळ काल्पनिक आहे, असं काकांनी त्यांना आश्वासन दिलं.

समोरच्या मामी म्हणजे समोरच्या दारातल्या. एकट्या राहायच्या, पण घर असं सजवायच्या की रोज पाहुणे येणार आहेत. काकांनी त्यांच्या कोचावर बसून अर्धा तास पृष्ठांकनाचं व्याख्यान दिलं. पृष्ठांकन म्हणजे चिठ्ठीच्या पाठीवर 'अमक्याला द्यावे' लिहून सही करणं. हे शब्द ऐकताना मामी मान डोलवत होत्या. मान त्या सगळ्यांच्याच बोलण्याला डोलवतात, हे काकांना इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी चिठ्ठी मामींच्या हातात ठेवली आणि नाटकात राजा सनद देतो तशा आवाजात म्हणाले, "ही आता तुमची. तुम्हाला वाटेल त्याला द्या." त्यांच्या मनात होतं की मामी ती काकूंना देतील, काकू पुन्हा त्यांना देतील, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत दोन-तीन प्रश्न सुटतील.

दोन दिवस ते पुस्तकात डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी कुठवर आली ते बघायला समोर गेले, तर मामींचं दार ओळखू येईना. दाराला पडदा, खिडक्यांना झालरीचे पडदे, कोचाला नवा कोरा अभ्रा, रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, टेलिफोनला बटणाची खोळ. त्या घरात कापड न चढलेली वस्तू म्हणजे खुद्द मामीच, आणि त्यासुद्धा नवा गाऊन घालून उभ्या होत्या. काकांनी कौतुक केलं आणि चिठ्ठी मागितली.

"ती शिंप्याला दिली की," मामी म्हणाल्या. "मागे सही करून. तुम्ही शिकवलंत तश्शी."

काकांना कोचावर बसावं लागलं. अभ्रा नवा असल्यामुळे ते थोडे घसरलेही. मामींना यात गैर काय झालं तेच समजेना. त्या म्हणाल्या, "भावजी, ही इतकी वर्षं वाटी वाटी साखर जाते तुमच्याकडे माझ्या घरून. दूध, चहापत्ती, काड्याची पेटी वेगळी. मी कधी बोलले का? मला वाटलं, तुम्हीच मनावर घेतलंत. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, उशिरा का होईना, माणूस सरळ आहे."

सरळ माणसाला यावर काय बोलता येतं? घरी येऊन त्यांनी काकूंना विचारलं, आपल्याकडे साखर कुठून येते. काकूंनी भांडी घासायचा आवाज वाढवला. तेच उत्तर होतं.

ही बातमी जिन्यातून खाली जायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली आणि निवृत्तीनंतर ते सल्ले पोचवू लागले. ते वर आले, चहा घेतला (साखर, अर्थात, मामींची) आणि म्हणाले, यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिलं, बँकेत जाऊन पैसे थांबवा. दुसरं, ते नाही जमलं तर सरळ म्हणा, सही माझी नाही. काका ताडकन उठले. अशी लफ्फेदार सही गावात दुसऱ्या कुणाची आहे, ते दाखवा म्हणाले. पोस्टमास्तरांनी तोच मुद्दा अडचणीचा आहे हे मान्य केलं.

काका बँकेत गेले. खिडकीतल्या बाईंनी चेक नंबर विचारला. चेक नाही, वचनचिठ्ठी आहे, असं काकांनी सांगितलं. मग ती आमच्याकडे कशाला आणलीत, असं बाईंनी विचारलं. आणलेली नाही, हरवली आहे. म्हणजे हरवलेली नाही, शिंप्याकडे आहे. तो इथे घेऊन आला तर पैसे देऊ नका, एवढंच म्हणणं आहे. बाई म्हणाल्या, आम्ही तसेही देणार नाही, ते तुम्ही द्यायचेत. काकांना हे पटलं, पण त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांना ते बाईंकडून लेखी हवं होतं. बाईंनी त्यांना साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी अर्जाचा नमुना दिला आणि त्यासोबत मूळ चिठ्ठी जोडा म्हणाले. मूळ चिठ्ठी असती तर मी आलोच कशाला असतो, असं काकांनी विचारलं. साहेबांनी क्षणभर विचार केला, मग झेरॉक्स चालेल म्हणाले.

काका तिथून तडक शिंप्याकडे गेले. 'कापड कापल्यावर परत घेतले जाणार नाही' अशी पाटी त्याने मशीनच्या डोक्यावर लावली होती. ती वाचून काकांचा अर्धा मुद्दा तिथेच गळाला. शिंप्याने उठून त्यांना खुर्ची दिली. चिठ्ठी त्याने पुढे गॅरेजवाल्याला दिली होती; शिंप्याच्या टेम्पोचं इंजिन खोलून पडलं होतं आणि गॅरेजवाला पैशांशिवाय ते जोडेना. "दुसऱ्या कुणाची असती तर हात लावला नसता," शिंपी म्हणाला. "तुमची सही दिसली आणि डोळे झाकून घेतली. काका जे लिहून देतात ते देतात." हे ऐकून काकांची छाती एका बाजूने फुगली आणि दुसऱ्या बाजूने, जिथे पाकीट होतं तिथे, खचली.

गॅरेजमध्येही तोच प्रकार. गॅरेजवाला गाडीखाली होता, तो तिथूनच बोलला, आणि काका आपले मान वाकवून त्याच्या चपलांशी बोलत राहिले. चिठ्ठीवर काकांचं नाव बघून त्याने शिंप्याचा टेम्पो त्याच संध्याकाळी चालू करून दिला होता. पाणीखात्यात त्याच्या मेव्हण्याचं काम कुणीतरी एकही पैसा न घेता करून दिलं होतं, ते हेच काका, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याला जुनी स्कूटर विकत घ्यायची होती, ती त्याने चिठ्ठीवरच घेतली. ज्यांच्याकडून घेतली त्यांना या चिठ्ठ्यांबिठ्ठ्यांतलं बरंच कळतं म्हणे. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरून पाहिली, पाठ-पोट दोन्ही वाचलं, वा म्हणाले आणि स्कूटरची किल्ली दिली. गॅरेजवाल्याने गाडीखालूनच त्यांचा पत्ता सांगितला.

तो पत्ता काकांना पाठ होता. दोनदा नापास झाल्यावर दोनदा ते त्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. तिथे सर राहत होते.

रात्रभर काकांनी पुस्तक चाळलं. पोस्टमास्तर सकाळी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून पुन्हा वर आले आणि एकच सांगून गेले: सरळ नाही म्हणा, सही शाबीत करायला त्याला कोर्टात जावं लागेल, तो मास्तर माणूस, जाणार नाही. काकूंनी दाराशी चपला ठेवल्या. त्यांनी काही सल्ला दिला नाही. नव्या फ्रिजचं एक चित्र वर्तमानपत्रातून कापून त्यांनी जुन्या फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं, तिकडे मात्र त्यांची एकदा नजर गेली, आणि ती काकांनी पाहिली.

सर अर्ध्या चड्डीत दार उघडायला आले. वर्गात काकांना सगळेच काका म्हणत, त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव या काकांचं आहे हे सरांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. काकांनी सांगितलं तेव्हा ते मनापासून आनंदले. त्यांनी आतून चिठ्ठी आणली. ती त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवली होती.

"इतकी निर्दोष चिठ्ठी मी आयुष्यात पाहिलेली नाही," सर म्हणाले. "वर्गात दाखवणार होतो."

काकांनी घसा साफ केला. ही सरावाची होती, असं म्हणाले.

"तसं हिच्यावर लिहिलंय का?"

"नाही. लिहिलं असतं तर ती बिनशर्त राहिली नसती."

"बरोबर. अर्धा गुण," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "पुढे बोला. तुम्ही पैसे का देऊ नयेत, ते सांगा. पटलं तर चिठ्ठी आत्ता परत देतो."

काकांच्या फ्रिजचे सगळे पैसे या एका उत्तरावर होते. ते म्हणाले, मला या चिठ्ठीचा मोबदला मिळाला नाही. कुणाकडून, सरांनी विचारलं. मामींकडून. मग मामींनी ती कशासाठी दिली? पडद्यांसाठी. शिंप्याने? इंजिनासाठी. गॅरेजवाल्याने? तुमच्या स्कूटरसाठी. मी स्कूटर दिली तेव्हा मला सरावाचं माहीत होतं का? नव्हतं.

आणि इथे कलमकाकांना एक गोष्ट घडताना जाणवली. त्यांच्या डोक्यात अ नव्हता, ब नव्हता. मामी होत्या, नव्या गाऊनमध्ये. त्यांच्यामागे शिंपी होता, त्याच्यामागे गाडीखालच्या चपला, आणि समोर अर्ध्या चड्डीतले सर. कुणाचीच कुणाशी अदलाबदल होत नव्हती. कोण कुणाचं काय देणं लागतं ते त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्यांचा आवाजच बदलला.

ते म्हणाले, "माझ्या आणि मामींच्या मध्ये मोबदला नसला तरी पुढच्या प्रत्येकाने मोबदला दिलेला आहे. आधीची भानगड तुम्हाला ठाऊक नव्हती. तुम्ही यथाविधि धारक आहात, सर. तुमच्यासमोर सरावाची सबब चालत नाही. सही माझी आहे. मी पैसे देणं लागतो, आणि मामींकडून मला काही परत मागता येत नाही." मग जरा थांबून त्यांनी जड मनाने भर घातली, "आणि खरं सांगायचं तर मामींचाही मोबदला होता."

"तो कोणता?"

"साखर."

सरांनी सगळी साखर ऐकून घेतली, दूध आणि काड्याच्या पेटीसकट. मग म्हणाले, साखरेशिवायही उत्तर पुरं होतं, पण साखरेचा अर्धा गुण जास्त. असं उत्तर त्यांना आजवर एकाही विद्यार्थ्याने दिलेलं नव्हतं. आणि नुकसान सोसून बरोबर उत्तर देणारा तर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

काकांनी चेकबुक काढलं आणि तीच रक्कम, अक्षरी बिनचूक, लिहून चेक पुढे केला. सरांनी चिठ्ठीवर 'पैसे पोचले' लिहून सही केली. मग चेककडे बघत जरा संकोचून म्हणाले, "काका, मी हा चेक निकालापर्यंत ठेवतो. तुम्ही पास झालात, तर फाडून टाकतो. माझ्याकडून बक्षीस समजा."

काकांच्या डोळ्यांसमोर नवा फ्रिज दोन पावलं पुढे आला. त्यांना नुसती मान हलवायची होती. मामींसारखी. पण मान हलेना.

"सर, मग तुमची स्कूटर फुकट गेली," काका म्हणाले. "शिवाय चेक पासनापासाच्या अटीवर ठेवता येत नाही. मी दिला तो बिनशर्त दिलाय. भरून टाका."

अट चेकवर नाही, आपल्या दोघांत आहे, असं सरांनी सांगून पाहिलं. काका म्हणाले, ते तर त्याहून वाईट, तोंडीच झालं. मग सर इतके हसले की त्यांच्या आई बाहेर आल्या, आणि त्यांनी काकांना विचारलं, तुम्ही याचे सर का?

त्या दुपारी काका जे घरी आले ते शीळ घालत आले. खिशात दमडी नव्हती आणि त्यांना जिने चढल्याचंही कळलं नाही. काकूंना वाटलं, पैसे वाचले. काकांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता शीळ आपोआप थांबली.

"ते आपण होऊन सोडत होते?" काकूंनी विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"हो."

काकांनी तयारी केली होती ती रडण्याची, नाहीतर भांड्यांच्या आवाजाची. पण काकूंच्या ओठाचा कोपरा हलला, मग खांदे हलले, आणि त्या ओट्याला धरून हसत सुटल्या. डोळे पुसून पुन्हा हसल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं उत्तर बरोबर आलं," त्या म्हणाल्या, "आणि आलं ते स्वतःच्याच विरुद्ध." मग त्यांनी काकांना चहा करून दिला आणि शेजारी बसून त्यातला अर्धा स्वतः प्यायल्या. लग्नापासून त्या दोघांनी एका कपातून चहा घेतल्याचं काकांना आठवत नव्हतं. या घरात एक मूर्ख माणूस राहतो आणि त्याच्या बायकोला तो आवडतो, ही गोष्ट त्या दिवशी उघडकीला आली.

पेपर दोन दिवसांनी झाला. 'अ'ने 'ब'ला चिठ्ठी दिली म्हणताच काकांनी मामींना आठवलं आणि लिहीत सुटले. वेळ संपल्यावर पर्यवेक्षकांना कागद ओढून घ्यावा लागला. उत्तरात दोन ठिकाणी 'ब'च्या जागी मामी असं पडलं होतं, आणि एके ठिकाणी मोबदला म्हणून साखर. सरांनी त्याचे गुण कापले, नियम तो नियम. तरीही काका पास झाले, आणि तेही बऱ्यापैकी. पोस्टमास्तरांनी ती बातमी प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन पोचवली.

त्याच आठवड्यात जुना फ्रिज कायमचा गप्प झाला. काकूंनी डाव्या कुशीत लाथ घातली, उजव्या घातली, मग आदराने दार सुतळीने बांधून टाकलं. उकाड्याचे दिवस होते. दूध नासलं. संध्याकाळी मामी आल्या तेव्हा काकू पातेलं ओतत होत्या आणि काका पुढच्या पगारांची बेरीज करीत होते. ती जमत नव्हती.

मामी दारातल्या दारात उभ्या राहिल्या. पडद्यांची गोष्ट त्यांना आता कुणीतरी, म्हणजे पोस्टमास्तरांनी, नीट समजावून सांगितली होती. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भावजी, माझा फ्रिज मोठा आहे. एकटीचं असतं काय? वरचे दोन कप्पे तुमचे. नवा घेईपर्यंत, नाही घेतलात तर कायमचे. माझ्या घराची एक किल्ली हिच्याकडे राहू दे. पण तुम्हाला सगळं लेखी लागतं. आणा कागद, मी लिहून देते."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांचा हात सवयीने पेनाकडे गेला, पेनापाशी थोडा घुटमळला आणि मांडीवर परत आला.

"नको मामी," कलमकाका म्हणाले. "तुमचं तोंडी चालेल."